मुलांच्या हातची मूठ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाहुबलीच्या डोंगरावर २८ फूट उंचीच्या मूर्तीच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू ‘कुंभोज-बाहुबली’ हे नाव एका दमात उच्चारतो. त्याच कुंभोजात २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका दिगंबर जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. पुढे अवघ्या महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हणून ओळखले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलवले, हा इतिहास सर्वांना परिचित आहे. आजच्या विषयासाठी मात्र त्यांच्या कार्यातील एक लहानशी, जवळजवळ स्वयंपाकघरातलीच गोष्ट घ्यावयाची आहे. ती म्हणजे मुष्टिफंड.

ट्रस्टच्या अन्नवाटपाच्या कार्यात यापुढे मुलांनाही सहभागी करून घ्यावे, असा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढे आला आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु मुलांना या कार्यात नेमके कोठे उभे करावयाचे, हे ठरविल्याशिवाय तो अमलात आणणे धोक्याचे ठरेल. वाटपाच्या दिवशी नवे कपडे घालून, रांगेतल्या माणसाच्या हातात पुडके ठेवण्यापुरते मूल पुढे करावयाचे, की धान्य निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंतच्या कष्टात त्याला घ्यावयाचे? दोन्हींना ‘मुलांचा सहभाग’ असेच म्हटले जाते. मुलाच्या मनावर होणारा परिणाम मात्र अगदी उलट असतो.

भाऊरावांच्या वसतिगृहांत शिकावयास येणारी मुले गोरगरीब रयतेची होती. फी देण्याची त्यांची ऐपत नव्हती, आणि मोठ्या देणग्या देणारे हात थोडे होते. अशा वेळी भाऊरावांनी घराघरातील गृहिणींना साकडे घातले : रोजच्या धान्यातून एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावी, ती साठली की वसतिगृहातील मुलांच्या मुखी पडेल. एक मूठ काढल्याने कोणत्याही घरचे पीठ कमी पडत नाही. हातावर पोट असलेली बाईसुद्धा ती काढू शकते आणि वाड्यातली पाटलीणही तेवढीच काढते. मुष्टिफंडाने दात्यांमधील लहानमोठेपणा असा सहज पुसून टाकला.

या योजनेचा आणखी एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. मडक्यात पडणारी ती मूठ घरातले मूल रोज पाहत असते. वडिलांनी वर्षातून एकदा संस्थेच्या कार्यालयात जाऊन पावती फाडली, तर ती मुलाला दिसत नाही; दिसली तरी तो त्याला मोठ्यांचा व्यवहार वाटतो. रोज सकाळी आईचा किंवा आजीचा हात मात्र त्याच्या डोळ्यांसमोर मडक्याकडे वळतो. चार दिवसांनी ते आपण होऊन विचारते, “आजी, हे कुणासाठी गं?” आणि आठव्या दिवशी म्हणते, “आज मी टाकू?” त्या प्रश्नापाशी संस्काराचे निम्मे काम झालेले असते.

आता मुठीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. ते धान्य ज्या मुलांच्या पानात पडे, ती मुले कोणाची मिंधी नव्हती. साताऱ्याच्या वसतिगृहात स्वयंपाकाला, पाणी भरायला, झाडलोटीला आणि शेतकामाला मुलांचेच हात होते. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद केवळ फलकावर रंगवलेले नव्हते. गावाने मूठ दिली आणि मुलांनी श्रम दिले. मग दाता कोण आणि याचक कोण, हे सांगणे कठीण व्हावे, अशीच ती रचना होती. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढी काळजी अन्नदानाच्या इतर कार्यांत क्वचितच घेतलेली आढळते.

शिवाय त्या पंगतीत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले मांडीला मांडी लावून बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. आज हे वाचताना विशेष वाटत नाही. त्या काळी एका पंगतीला बसणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे भाऊरावांच्याच विद्यार्थिदशेतील एका प्रसंगावरून कळते, आणि तो प्रसंग आपल्या समाजाने विसरू नये असा आहे. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते हजर राहिले. परत आल्यावर, स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या तरुणाला पंगतीतून उठावे लागले, त्याने पुढे कोणालाही न उठविणारी पंगत मांडली. सुवर्णमहोत्सवाच्या आनंदाच्या प्रसंगी हे स्मरण थोडे टोचणारे आहे. पण अन्न वाटावयास निघालेल्या संस्थेने आपल्याच समाजातील हा प्रसंग मुलांपासून लपवून ठेवावा, असे कोणी म्हणणार नाही.

आहारदान आपल्या मुलांना नवे नाही. मुनिसंघ गावात आला की चौका लागतो. गाळलेले पाणी, निवडलेले धान्य, शुद्ध वस्त्रे, दारात पडगाहनासाठी हात जोडून उभे असलेले आईवडील, हे सर्व मुले जवळून पाहतात. आठ वर्षांवरील मूल स्वतः आहार देऊ शकते, आणि पहिल्यांदा आहार दिल्याचा दिवस पुष्कळ जणांना म्हातारपणीही आठवतो. तेथे दाता विनवणी करतो आणि पात्राने आहार स्वीकारला तर स्वतःला धन्य मानतो. मुनिराज पुढच्या दारी गेले तर खंत दात्याला वाटते. शास्त्रकारांनी दात्याचे जे सात गुण सांगितले, त्यांत श्रद्धा आणि भक्ती आहेत, त्याचप्रमाणे विज्ञान आणि क्षमाही आहेत : काय द्यावे, केव्हा द्यावे, कसे द्यावे याचे ज्ञान, आणि देताना न चिडणारे मन.

हे पात्रदान झाले. भुकेल्या सर्वसामान्य माणसाला दिले जाते ते करुणादान. दोन्हींत भेद आहे व तो शास्त्रसंमत आहे. परंतु व्यवहारात पात्रदानातील आदर करुणादानापर्यंत पोहोचतच नाही. सकाळी चौक्यात नम्रतेने वाकलेला हात दुपारी रस्त्यावर पुडकी वाटताना “एकेकाने या, गर्दी करू नका” असे दरडावत असतो. मूल दोन्ही पाहते. आदर फक्त काही जणांसाठी असतो आणि इतरांना वस्तू दिली की पुरे, असा अर्थ त्याने काढला तर दोष त्याचा नव्हे. चौक्यातली ती नम्रता दुपारच्या रांगेपर्यंत नेण्याचे काम मुलेच करू शकतात, कारण त्यांना अजून दोन वेगवेगळे आवाज काढता येत नाहीत.

छायाचित्रांविषयीही येथेच बोललेले बरे. अलीकडे मोबाइलमुळे वाटपाचा प्रत्येक क्षण टिपला जातो. मुलाने पुडके पुढे केले, समोरच्या मुलाने हात पसरले, दोघेही कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. असे चित्र गटागटांतून फिरते. देणाऱ्याचे मूल ते चित्र आपल्या वर्गात दाखवते. घेणाऱ्याचे मूलही एखाद्या वर्गात जात असतेच, कदाचित त्याच वर्गात. स्मरणिकेसाठी चित्र हवेच असेल तर निवडून स्वच्छ केलेल्या धान्याच्या पोत्यांचे घ्यावे, चुलीचे घ्यावे, भांडी घासणाऱ्या मुलांचे घ्यावे. घेणाऱ्याचा चेहरा त्यात नसावा.

जेथे सगळेच एका पंगतीत जेवतात, तेथे गरीब मूल निराळे ओळखू येत नाही, हा अनुभव आपल्याच देशातला आहे असे नाही. जपानमधील त्सुरुओका या गावी १८८९ मध्ये बौद्ध भिक्षूंनी चालविलेल्या एका शाळेत गरीब मुलांना जेवण देण्यास सुरुवात झाली. जपानी शालेय भोजनाचा आरंभ तेथूनच मानतात. १९५४ मध्ये त्या देशात शालेय भोजनाचा कायदा झाला. आज तेथील प्राथमिक शाळांत मुलेच पाळीपाळीने पांढरे अंगरखे व टोप्या घालून आपल्या वर्गाला वाढतात आणि जेवण झाल्यावर आवराआवरही करतात. गरिबांसाठी म्हणून निघालेली गोष्ट सर्वांची झाली, आणि वाढणारे हात मुलांचेच राहिले. गुरुद्वारातील लंगरमध्येही लहान मुले पोळ्या आणि पाणी घेऊन पंगतीतून फिरताना दिसतात. त्यांना कोणी दाता म्हणत नाही.

महाराष्ट्रात याला अनुकूल अशी एक वाट उपलब्ध आहे. शासनाच्या पीएम पोषण योजनेत, म्हणजे पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेत, समाजातील व्यक्ती व संस्थांनी विशेष प्रसंगी शाळेतील मुलांना आपल्यातर्फे भोजन किंवा पूरक खाद्यपदार्थ द्यावेत, अशी सोय आहे. तिचे मूळ नाव तिथिभोजन. महाराष्ट्रात तिला स्नेहभोजन म्हणतात. नाव चांगले आहे. मुलाच्या वाढदिवशी हॉलमध्ये पाने उष्टी टाकण्याऐवजी जवळच्या शाळेत स्नेहभोजन द्यावे आणि वाढदिवसाच्या मुलाने त्याच पंगतीत, त्याच सतरंजीवर बसून जेवावे. वेगळ्या खोलीत पाहुण्यांबरोबर नव्हे. आपल्या जेवणात कांदा, लसूण व कंदमुळे नसतात, याची अडचण कोणाला वाटत नाही. मुगाची खिचडी, कढी आणि शिरा सर्व मुले आवडीने खातात. उष्ट्या पानांचा उल्लेख उगाच केलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील निम्म्याहून अधिक घराघरांतून. मंगल कार्यालयांच्या मागील दारी काय दिसते, ते अहवालावाचूनही ठाऊक आहे.

मुष्टिफंड आज कसा चालावा, याचा हिशेब पाठशाळेच्या मुलांनीच करावा असा आहे. प्रथम प्रत्येकाने आपली मूठ तांदळाने भरून वजन करावे. कोणाची तीस ग्रॅम भरेल, कोणाची पन्नास. समजा सरासरी चाळीस ग्रॅम धरली. शंभर घरांनी रोज एक मूठ काढली तर दिवसाला चार किलो आणि महिन्याला १२० किलो धान्य जमते. पीएम पोषण योजनेत प्राथमिक वर्गातील मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलासाठी १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरले आहे. म्हणजे शंभर मुठींत प्राथमिक वर्गातील चाळीस मुले एक वेळ जेवतात. डाळीचे प्रमाण लहान मुलांना २० ग्रॅम आहे. चाळीस मुलांना ८०० ग्रॅम डाळ लागेल, ती कोठून आणावयाची, हाही प्रश्न मुलांपुढेच ठेवावा. आता शंभरपैकी पंचवीस घरे त्या दिवशी मूठ टाकायला विसरली. चार किलोचे तीन किलो झाले. दहा पाने रिकामी राहिली. ही दहा पाने कोणाची, हा प्रश्न सातवीतल्या मुलाला वजाबाकीतून पडला, तर त्याला दानाचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही.

धान्य जमल्यावर खरे काम सुरू होते, आणि उत्साही कार्यकर्ते नेमके येथेच मुलांना घरी पाठवतात. तसे करू नये. धान्य चाळणे, पाखडणे, खडे निवडणे ही कामे आठ-दहा वर्षांची मुले उत्तम करतात. धान्यात सोंडे व पोरकिडे निघतात. ते चिरडायचे नाहीत, उन्हात तडफडू द्यायचे नाहीत. चाळणीतून हलकेच काढून सावलीत सोडावयाचे, हे मुलांना शिकवावे. अहिंसेचा हा पाठ पुस्तकापेक्षा सुपात अधिक चांगला होतो. विषारी पावडर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. तूरडाळीला एरंडेल चोळावे, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. घरातल्या आजीबाईंना याचे प्रमाण अचूक माहीत असते, आणि कोणी विचारले तर त्यांना आनंदही होतो.

शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत मर्यादेचा नियम कसोशीने पाळावा. आपल्या घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मानली जाते. वाटपाचे अन्न दुसऱ्यासाठी आहे म्हणून ही मर्यादा सैल होता कामा नये. सकाळचा उरलेला भात संध्याकाळी कोणाला तरी देऊन टाकावा, अशी वृत्ती दिसते; त्याला दान म्हणता येणार नाही, ती स्वयंपाकघराची झाडलोट झाली. मुलांना एकच कसोटी सांगावी : जे स्वतःच्या पानात वाढून घेतले नसते, ते दुसऱ्याच्या पानात जाणार नाही. सूर्यास्तापूर्वी वाटप आटोपण्याची आपली रीत येथे सोयीचीच आहे, कारण मुलेही उजेडात घरी पोहोचतात. चुलीजवळचे काम मोठ्यांचे. उकळत्या पातेल्याशी लहान मुलांना जाऊ देऊ नये. भांडी घासण्याच्या पाळीत मात्र विश्वस्तांची मुले आणि स्वयंपाकिणीची मुले एकाच यादीत असावीत, आणि यादी वर्णानुक्रमे लावावी.

मुलांचा उत्साह टिकणार नाही, अशी शंका घेतली जाते. ती खरी आहे. तिसऱ्या महिन्यात डबे रिकामे येऊ लागतील, परीक्षा येतील, क्रिकेटचे सामने येतील. त्या वेळी बक्षिसे व प्रशस्तिपत्रे वाटून उत्साह विकत घेऊ नये. कोणत्या घरची मूठ आली नाही, याची जाहीर वाच्यताही करू नये. त्या घरी काही अडचण असू शकते, कदाचित त्याच घराला या महिन्यात धान्याची गरज असेल. अशा घरी कोणालाही न कळता चार किलो धान्य पोहोचविण्याची सोय योजनेत पहिल्या दिवसापासून असावी. आपल्या समाजात गरज लपविण्याची सवय फार जुनी आहे.

भाऊरावांच्या मुष्टिफंडातही सर्व मडकी नेहमी भरलेली नसत. त्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी चुकविली. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या या जैन गृहिणीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या पदराखाली घेतले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा एकेक करून सर्व दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचे मोठे दिवस त्यांना पाहावयास मिळाले नाहीत. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले. रयतच्या इतिहासात त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, ते योग्यच आहे. परंतु पाठशाळेतील मुलींना लक्ष्मीबाईंची कथा अवश्य सांगावी, आणि सांगताना केवळ त्यागाचा गौरव करून थांबू नये. शंभर घरांनी मूठ वेळेवर टाकली असती, तर एका घराला मंगळसूत्र मोडावे लागले नसते, हेही सांगावे.

ट्रस्टच्या पुढील वार्षिक सभेत या उपक्रमाचा हिशेब मुलांनीच वाचावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. किती घरांतून धान्य आले, किती किलो, किती पाने वाढली गेली, किती नासले आणि का, स्नेहभोजनात कोण कोणाशेजारी बसले. आकडे चुकले तर मुलेच दुरुस्त करतील. त्या वेळी विश्वस्तांनी व्यासपीठावरून खाली येऊन श्रोत्यांत बसावे, आणि प्रश्न विचारायचे असतील तर हात वर करावा.